लोखंड ऐका, पण उपटू नका : ब्रिटनच्या शेतांत मेटल डिटेक्टर फिरवणाऱ्या मराठी मंडळींना खुले पत्र

सप्रेम नमस्कार, वि. वि.

ऑगस्टअखेर कापणी उरकली की इंग्लंडातल्या शेतांत नुसती खुंटं उरतात. शेतमालकाची परवानगी खिशात, कानाला हेडफोन आणि पुढच्या नांगरटीपर्यंतचे मोजके आठवडे. या दिवसांत तुमच्यापैकी कुणाचं ना कुणाचं यंत्र एखाद्या जुन्या रोमन ठाण्यावरून जाईल, आणि ते ठाणं त्याला ऐकूही येणार नाही. कारण यंत्र सुरू केल्यावर बहुतेकांचं पहिलं काम म्हणजे डिस्क्रिमिनेशन लावून लोखंडाचा आवाज बंद करणं. या पत्राचा विषय तेवढं एक बटण आहे.

किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काळा कातळ, बुरूज, चिऱ्यांची तटबंदी येते. उत्तर इंग्लंडातल्या, रोमन सम्राट हेड्रियनच्या भिंतीवरची दगडी ठाणी पाहिली असतील तर ते चित्र आणखी पक्कं होतं. पण त्या भिंतीचं काम इ.स. १२२ मध्ये सुरू झालं. क्लॉडियस सम्राटाचं सैन्य ब्रिटनमध्ये उतरलं ४३ मध्ये, आणि त्यानंतरच्या चाळीसेक वर्षांत माळरानावर, नदीच्या उतारावर, वाटेच्या नाक्यावर जी ठाणी उभी राहिली ती सगळी माती आणि लाकडाची. आपल्याकडच्या गावोगावच्या ढासळलेल्या गढ्या आठवा; रायगडापेक्षा गढीच या प्रकाराला जवळची. गवतासकट कापलेल्या मातीच्या विटा रचून केलेला तट, बाहेर एक-दोन खंदक, लाकडी वेशी, आत कुडाच्या भिंतींच्या लांबच लांब बराकी. खंदकाचा छेद इंग्रजी व्ही अक्षरासारखा, आणि तळाशी पाऊल अडकेल एवढी अरुंद चर. वरून पाहिलं तर आकार पत्त्याच्या पानासारखा, कोपरे गोलसर. पाचशेच्या आसपास माणसांच्या तुकडीचं ठाणं साधारण एक ते अडीच हेक्टरांत मावतं.

यांतली बरीच ठाणी पाच-दहा वर्षंच वापरात होती. निघताना सैन्य ती जागेवर सोडून जात नसे. खांब हलवून हलवून उपटायचे, कूड पाडून जाळायचा, खड्डे बुजवायचे, कामाचं सामान गाड्यांत भरायचं. दगड नाही म्हणजे शिलालेख नाही, मुक्काम थोडा म्हणून खापरंही बेताची. कोरड्या उन्हाळ्यात जव किंवा गहू पिवळा पडतो तेव्हा खंदकावरची रांग, खाली ओल टिकल्यामुळे, चार दिवस जास्त हिरवी राहते आणि विमानातून ठाण्याचा आकार दिसतो. पण आत कोण राहत होतं, कधी आलं, कधी गेलं, हे त्या हिरव्या रेघेतून कळत नाही. ते कळतं मुख्यतः धातूतून, आणि त्या धातूतलं बहुतेक लोखंड.

किती लोखंड, याचा अंदाज यायला स्कॉटलंडमधलं इंचटुथिल पाहा. टे नदीकाठचं हे एका अख्ख्या लीजनचं, म्हणजे रोमन सैन्याच्या मोठ्या दलाचं, ठाणं, वीस हेक्टरांहून मोठं. साधारण इ.स. ८३ च्या सुमारास बांधायला घेतलं आणि पुरं होण्याआधीच, ८६-८७ मध्ये, सोडून दिलं. पुरातत्त्वज्ञ सर इयन रिचमंड यांनी १९५२ ते १९६५ या काळात तिथे उत्खनन केलं. कारखान्याच्या इमारतीतल्या एका खड्ड्यात पावणेनऊ लाखांच्या घरात खिळे निघाले. दीड-दोन इंचांपासून फुटाहून लांब, आकाराप्रमाणे वेगळ्या प्रतीचे, आणि वर स्वच्छ मातीचा जाड थर. हे लोखंड शत्रूच्या हाती पडलं असतं तर त्याची हत्यारं झाली असती, म्हणून पुरलेलं. बाहेरच्या खिळ्यांचं गंजून कवच झालं आणि त्यामुळे आतले खिळे काल ठोकल्यासारखे राहिले. असा साठा कुणाच्या यंत्राखाली येईल, हे स्वप्न सोडून द्या. आमचा मुद्दा साधा आहे : रोमन सैन्य जिथे राहिलं तिथे लोखंडाचा सडा पडतो, आणि तुमचं यंत्र नेमकं तेच गाळून टाकतं.

खिळाही बोलतो. वाकडा, मानेजवळ पिळलेला खिळा म्हणजे पाडकाम. सरळ, न वापरलेला म्हणजे कोठी किंवा कारखाना. खांबाच्या खड्ड्याच्या वरच्या भरावात वाकडे खिळे जास्त आणि बाजूला जळक्या कुडाची लाल माती असेल, तर ठाणं शिस्तीत मोडलं गेलं, हल्ल्यात पडलं नाही, असा अंदाज बांधता येतो. एकेक खिळा उचलून बादलीत टाकला की हा अंदाज गेला.

डॉर्सेटमधल्या हॉड हिलवर लोहयुगीन टेकडीकोटाच्या वायव्य कोपऱ्यात रोमनांनी आपलं ठाणं घुसवलं, ४३ च्या स्वारीनंतर लगेच. रिचमंड यांनीच १९५० च्या दशकात तिथे खोदलं. एका मोठ्या झोपडीत आणि तिच्या आसपास बॅलिस्टा यंत्राने सोडलेले अकरा लोखंडी बाण सापडले. बाण कुठे पडले याच्या अचूक नोंदीमुळेच मारा त्या एका झोपडीवर, बहुधा मुख्याच्या घरावर, रोखलेला होता असं म्हणता आलं. आता त्याच टेकडीची दुसरी गोष्ट पाहा. एकोणिसाव्या शतकात ती जमीन नांगराखाली आली, वर आलेल्या वस्तू ब्लँडफर्डच्या हेन्री डर्डन यांनी जमवल्या आणि तो संग्रह १८९२ मध्ये ब्रिटिश म्युझियमकडे गेला. संग्रह नामी आहे. एका जातीच्या ब्रोचला, म्हणजे कपडा अडकवायच्या पिनेला, ‘हॉड हिल’ हे नावच पडलंय. पण कोणती वस्तू टेकडीवर नेमकी कुठे होती, हे बहुतेकांच्या बाबतीत गेलं ते गेलंच. गंजक्या बाणटोकांनी एका दिवसाची लढाई सांगितली. सुंदर ब्रोच आपल्या जागेबद्दल गप्प आहेत.

आता हातात घेऊन पाहण्यासारखी एक वस्तू. रोमन शिपायाच्या जाड तळव्याच्या चपलेला ‘कॅलिगा’ म्हणत. (छावणीत वाढलेल्या छोट्या गायसला शिपायांनी लाडाने ‘कॅलिगुला’, म्हणजे चिमुकला बूट, म्हटलं आणि सम्राट झाल्यावरही ते नाव त्याला चिकटून राहिलं.) चांभार तळव्याला ठोकतो तशा लोखंडी चुका कॅलिगाच्या तळव्याला डझनांनी ठोकलेल्या असत. चालताना त्या गळत, विशेषतः वेशीतल्या फरसबंदीवर आणि खडी घातलेल्या रस्त्यावर. शेतात सापडतो तेव्हा हा खिळा चिंचोक्याएवढा तपकिरी गोळा असतो. डोकं घुमटासारखं, साधारण एक सेंटिमीटर व्यासाचं. दांडा आखूड, चौकोनी छेदाचा, आणि टोक आकड्यासारखं वळलेलं, कारण तळव्यातून आत आलेलं टोक ठोकून मुडपत असत. घोटाळा होतो तो व्हिक्टोरियन शेतमजुरांच्या बुटांच्या खिळ्यांशी. तेही याच शेतांत गळलेत, पण त्यांत यंत्रावर काढलेले, एकसारखे, ठरावीक पैलूंचे पुष्कळ असतात. एकट्या खिळ्यावरून पैज लावू नका. पाच-दहा मीटरांत असे पंधरा-वीस मिळाले तर मात्र थांबा, बहुधा तुम्ही रस्त्यावर किंवा वेशीत उभे आहात.

जर्मनीतल्या हेर्मेस्काइलजवळच्या रोमन छावणीचा काळ ठरवायला याच खिळ्यांनी मदत केली. वेशीच्या फरशीच्या फटींत चपलांचे खिळे अडकून राहिले होते, आणि त्यांतल्या काहींच्या डोक्याच्या आतल्या बाजूला, म्हणजे चामड्याला टेकणाऱ्या बाजूला, क्रूस आणि चार ठिपके उठवलेले आढळले. डोकी मोठी, अडीच सेंटिमीटरांपर्यंत. ही खूण सीझरच्या गॉल (आजच्या फ्रान्सचा प्रदेश) मोहिमांच्या काळातली. पुढे पुढे डोकी लहान होत गेली आणि खुणा नाहीशा झाल्या, म्हणून ब्रिटनमध्ये ४३ नंतरच्या ठाण्यांवर बहुतेक खिळे साधेच मिळतात. ते सन सांगत नाहीत, पण वाट दाखवतात. खूण असलीच तर ती गंजाच्या आत असते आणि एक्स-रेशिवाय दिसत नाही. ब्रशने घासलात तर गंजाबरोबर खूणही जाते.

बाकीच्या लोखंडाची ओळख थोडक्यात. बॅलिस्टा बाणाचं टोक म्हणजे चौकोनी छेदाची निमुळती चोच आणि मागे दांडा बसवायची खोबण, लांबी बोटाएवढी. कुळवाचा दात समजून ते फेकलं जातं. तंबूची मेख वीतभर किंवा जास्त, डोक्याला भोक, भोकात कडी. तिला गुरं बांधायची खुंटी समजतात. कडीच्या आकाराचं लोखंड यंत्राला फसवून चांगल्या धातूचा उंच सूर देतं, त्यामुळे असा सूर ऐकून खोदलं आणि लोखंड निघालं की माणूस चिडून ते भिरकावतो. जर्मनीत हार्त्सहॉर्नला २००० मध्ये डिटेक्टरवाल्यांनी एक लोखंडी वस्तू उचलली आणि मध्ययुगीन मेणबत्तीदाणी समजून ठेवून दिली. २००८ मध्ये ती तज्ज्ञांना दाखवल्यावर कळलं की तो जनावराच्या खुरावर बांधायचा रोमन नाल आहे, आणि त्यातून तिसऱ्या शतकातलं एक अख्खं रणांगण उजेडात आलं. आठ वर्षं ते घरात पडून होतं.

तांब्या-पितळेच्या बाबतीत तुम्ही चांगले असता, तरी एक तक्रार आहे. झिजलेलं, ओबडधोबड, चेहरा धड न ओळखता येणारं क्लॉडियसचं तांब्याचं नाणं ‘बेकार’ म्हणून भंगाराच्या पिशवीत जातं. ही नाणी बहुधा स्थानिक नकला असतात. ४३ नंतर सुट्ट्या नाण्यांचा पुरवठा तोकडा होता आणि सैन्याचं रोजचं काम नकलांवर भागत होतं. नीरोने ६४ च्या सुमारास तांब्या-पितळेची नाणी पुन्हा मोठ्या प्रमाणात पाडायला घेतली. म्हणून एखाद्या ठाण्यावर क्लॉडियसच्या नकला भरपूर आणि नीरोचं तांबं जवळजवळ नाही, असं दिसलं तर ते ठाणं साठीच्या दशकाच्या मध्याआधीच सुटलं असावं. हा हिशोब एका नाण्यावर होत नाही, सगळी मोजावी लागतात, बेकार धरून. याउलट चांदीचा तिबेरियस, म्हणजे त्या सम्राटाचं ‘डिनेरियस’ हे नाणं, मागे बसलेली स्त्री असलेलं, हाती लागला की जो तो नाचतो. तोच डिनेरियस दक्षिण भारतातल्या ठेव्यांत शेकड्यांनी मिळालाय. एका शिक्क्याची चांदी डॉर्सेटच्या शेतात आणि कृष्णेच्या खोऱ्यात, ही गंमत खरी. पण तो चलनात इतकी वर्षं फिरला की ठाण्याचं वय ठरवायला नकली तांबंच जास्त उपयोगी.

मग लोखंड ऐकायचं तर सगळं खोदून काढायचं का? अजिबात नाही. बाहेर काढलेलं लोखंड जपणं महाग आहे, आणि न जपलं तर दोन-तीन वर्षांत पापुद्रे सुटून त्याचा भुगा होतो. स्कॉटलंडमध्येच बर्न्सवार्कला दुसऱ्या शतकातल्या रोमन माऱ्याचा अभ्यास झाला तेव्हा यंत्रं गोफणीच्या शिशाच्या गोळ्यांवर जुळवून घेतली, संकेतांच्या जागा नोंदवल्या आणि खात्रीपुरते थोडेच उघडले. नकाशा मिळाला, जमीनही राहिली.

तुमच्या शेतावर हे असं करता येईल. ठाण्याचा संशय असेल तर आधी काउंटीच्या फाइंड्स लायझन ऑफिसरशी, म्हणजे लोकांना सापडलेल्या वस्तूंची नोंद घेणाऱ्या अधिकाऱ्याशी, बोला. भूभौतिक पाहणी होणार असेल तर ती आधी होऊ द्या, आणि खुणेसाठी तारेच्या काडीची झेंडी रोवू नका. विसरलेली एकेक तार मॅग्नेटोमीटरच्या, म्हणजे जमिनीतलं चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्राच्या, नकाशावर काळा-पांढरा डाग होऊन बसते. बांबूच्या काड्या घ्या. दोन-दोन मीटरवर दोऱ्या आखा, एका दिशेने चाला, मग काटकोनात पुन्हा. डिस्क्रिमिनेशन शून्यावर, छोटी कॉइल (यंत्राची खालची तबकडी), रिकव्हरी स्पीड (एका संकेतानंतर दुसरा पकडायचा वेग) वाढवलेला, हात सावकाश. यात तुमचाही फायदा आहे : खिळ्याला खेटून पडलेलं नाणं गाळणी लावलेल्या यंत्राला ऐकू येत नाही, कारण लोखंड त्याचा आवाज झाकतं. प्रत्येक लोखंडी संकेताची जागा टिपा, सूर टिपा, आणि पुढे चला. जिथे काहीच वाजलं नाही ती ओळही वहीत लिहा. रिकामी जागा ही माहितीच आहे. तटाच्या मागची मोकळी पट्टी अशीच ओळखू येते.

जागा टिपताना कंजूषपणा नको. सहा आकडी ग्रिड संदर्भ (नकाशावरच्या जागेचे आकडे) म्हणजे शंभर मीटरचा चौकोन. ठाण्याची एक बाजूच सव्वाशे-दीडशे मीटर, म्हणजे सहा आकड्यांत वेस, बराक आणि मुख्यालय सगळं एकाच घरात कोंबलं गेलं. आठ आकडी म्हणजे दहा मीटर, दहा आकडी म्हणजे एक मीटर. साधा हातातला जीपीएस तीन ते पाच मीटर इकडे-तिकडे होतो, तरी आकडे दहाच लिहा आणि कोणतं यंत्र होतं ते बाजूला नोंदवा. नांगर वस्तू थोडी सरकवतो हे खरं. पण सपाट शेतात ती सहसा फार लांब जात नाही. उतारावर मात्र माती खाली वाहते आणि पायथ्याशी सगळ्यांची गर्दी होते. शेतात कंपोस्ट टाकलंय का, हेही मालकाला विचारा. शहरी कचऱ्याच्या खतातून डब्यांचे तुकडे येतात आणि डिटेक्टर आणि मॅग्नेटोमीटर, दोन्ही यंत्रांचं डोकं फिरवतात.

खोली हा कळीचा मुद्दा. नांगरटीची माती वीस-पंचवीस सेंटिमीटर. तिच्यातलं आधीच हललेलं आहे, ते नोंद करून काढलं तर चालेल. त्याखाली मातीचा रंग बदलला, कोळसा किंवा लाल भाजकी माती दिसली, किंवा खिळ्यांची रांग तळव्याच्या आकारात दिसू लागली, की हात मागे. कोरड्या जमिनीत चामडं कुजून जातं, पण खिळे ठोकलेल्या जागीच उभे राहतात. तो अख्खा गठ्ठा मातीसकट उचलायचा असतो, आणि ते काम संवर्धकाचं. खड्डा झाका, जागा टिपा, फोन करा.

काढलेलं लोखंड धुऊ नका, व्हिनेगरमध्ये बुडवू नका, तेल लावू नका. घरगुती इलेक्ट्रोलिसिसचे व्हिडिओ पाहून बॅटरी चार्जर जोडायचा मोह होतो, तोही आवरा. जुन्या लोखंडाचा मूळ पृष्ठभाग बऱ्याचदा गंजाच्या थरातच असतो. गंज सुटला की आतून निघतो तो नुसता सांगाडा. सावलीत सुकवा, टाचणीने भोकं पाडलेल्या पॉलिथीनच्या पिशवीत आकडा लिहून ठेवा, आणि पिशव्या घट्ट झाकणाच्या डब्यात कोरड्या सिलिका जेलबरोबर. जेलचं वजन निदान लोखंडाच्या वजनाइतकं हवं. डब्यातली आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली, पंधरा गाठली तर उत्तम. आत आर्द्रतेची पट्टी ठेवा आणि जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये सुकवून परत घाला. लोखंडावर नारिंगी घामासारखे थेंब दिसले तर आतले क्लोराइड (गंज वाढवणारे क्षार) जागे झालेत असं समजा. तांब्या-पितळेच्या वस्तूंचा डबा वेगळा ठेवा. त्यांच्यावर फिकट हिरवी भुकटी फुटली तर ताबडतोब दाखवा. ज्याला चामडं किंवा लाकूड चिकटलंय ते मात्र सुकवायचं नाही. ओलंच ठेवा, फ्रिजमध्ये, पण फ्रीजरमध्ये नको.

कायद्याचं तुम्हाला ठाऊक असेल, तरी दोन ओळी. संरक्षित स्मारकावर हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या लेखी परवानगीशिवाय यंत्र फिरवणं हा १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे. मालक ‘हो’ म्हणाला तरीही. सीमा नॅशनल हेरिटेज लिस्टच्या नकाशावर फुकट पाहता येते. ट्रेझर ॲक्टखाली, म्हणजे ठेव्यांच्या कायद्याखाली, येणारी वस्तू चौदा दिवसांत कळवावी लागते. २०२३ च्या बदलानंतर दोनशे वर्षांहून जुनी, असाधारण महत्त्वाची धातूची वस्तूही त्यात येऊ शकते, सोनं-चांदी नसली तरी. त्याआधी २०१० मध्ये कंब्रियात सापडलेलं घोडेस्वाराचं रोमन काशाचं शिरस्त्राण, एकटं आणि काशाचं म्हणून, या कायद्यातून निसटलं, संशोधकांनी नीट अभ्यासण्याआधीच जोडून दुरुस्त झालं आणि लिलावात सुमारे तेवीस लाख पौंडांना खाजगी हातांत गेलं. स्कॉटलंडचे नियम वेगळे आणि कडक आहेत. आणि हे खास आपल्यासाठी : ब्रिटनच्या मातीतली पन्नास वर्षांहून जुनी पुरातत्त्वीय वस्तू देशाबाहेर न्यायला निर्यात परवाना लागतो, किंमत चार आणे असली तरी. पुण्या-नाशिकला दाखवायला म्हणून बॅगेत टाकू नका. उलट दिशेने, यंत्र घेऊन सुट्टीत गडावर जाणं तर नकोच. १८७८ चा निखात निधी कायदा दहा रुपयांवरच्या ठेव्यालाही लागू होतो.

हे सगळं नीट केलं तर काय होतं, याचं एक उदाहरण. जर्मनीत तैनात असलेले ब्रिटिश लष्करी अधिकारी टोनी क्लन १९८७ मध्ये यंत्र घेऊन शेतात उतरण्याआधी ओस्नाब्रूकच्या पुरातत्त्वज्ञांना भेटले होते. त्यांना नाणी मिळाली तेव्हा ती कुठली, हे जागेसकट कळवलं. नंतर शिशाच्या तीन गोफणगोळ्या मिळाल्या. त्या दिसायला भिकार होत्या, पण सैन्य इथे होतं हे त्यांनीच सुचवलं, आणि त्यातून काल्क्रीझचं रणांगण उजेडात आलं. इ.स. ९ मध्ये रोमन सेनापती व्हारुसच्या तीन लीजन जिथे कापल्या गेल्या ती जागा आज बहुतेक जण तिथेच मानतात.

शेवटी गॅरेजातल्या त्या बादलीबद्दल. प्रत्येकाकडे ती असते : ‘नंतर बघू’ म्हणून टाकलेल्या गंजक्या लोखंडाची. ती भंगारवाल्याला देऊ नका. यंदाची नांगरट व्हायच्या आत एक संध्याकाळ काढा. कोणत्या शेतातलं, कोणत्या हंगामातलं, शेताचा कोणता कोपरा, जेवढं आठवतं तेवढं वॉटरप्रूफ पेनने कागदावर लिहा. शेतवार पिशव्या करा, कागद पिशवीत टाका, आणि लायझन ऑफिसरकडे नेताना वरवर निवडू नका. वाकडे खिळे, चिंचोके, अर्धवट मेखा, सगळं न्या. एका प्लेटवर पन्नास तुकड्यांचा एक्स-रे एकदम निघू शकतो.

आपले,
रोमन ठाण्यांच्या लोखंडाशी रोज गाठ पडणारे काही जण